सोन्याचा मुलामा आणि तीनरंगी वायर

सोन्याची पारख करायला कोल्हापुरात गुजरी आहे. तरीही टीव्हीच्या दुकानात ‘टोकांना सोन्याचा मुलामा’ असे छापलेली एचडीएमआय केबल, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र अंकीय स्वरूपात नेणारी वायर, समोर आली की एरवी साज घडवताना घट आणि मजुरीवरून तासभर घासाघीस करणारे गिऱ्हाईक चकार शब्द न काढता सांगितलेली किंमत मोजते. मुलाम्याचे काम टोके गंजू न देण्याचे असल्याने इथल्या पावसाळी हवेत त्याचा थोडा उपयोग मान्य करावा लागेल. मात्र संकेत शून्य आणि एक यांच्या रूपात जात असल्यामुळे तो नीट पोहोचला तर चित्र जसेच्या तसे उमटते आणि न पोहोचल्यास पडद्यावर ठिपके चमकतात किंवा पडदाच काळा होतो, तेव्हा फुटबॉलवेड्या पेठांसाठी अर्जेंटिनाची जर्सी अधिक निळी दिसण्याची सोय त्यात नाही. पाहायची असते ती वहनक्षमता: सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या फोर-के टीव्हीला १८ गिगाबिटची ‘प्रीमियम हाय स्पीड’ केबल पुरते, आणि ४८ गिगाबिटची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ मुख्यतः नव्या गेमिंग यंत्रांच्या मालकांनी घ्यावी. एवढी चिकित्सा होऊन टीव्ही भिंतीवर चढतो, आणि केबलवाला सेट-टॉप बॉक्ससोबतची पिवळी-पांढरी-तांबडी वायर त्याला जोडून निघून जातो. त्या वायरीतून, टीव्ही कितीही महागाचा असला तरी, ५७६ रेषांपेक्षा अधिक चित्र येत नाही.