परदेशी गुरुजी

तुमच्याही शाळेत एक निसर्गवेडे गुरुजी होतेच, तेव्हा ओळख करून देत बसत नाही. आमचे कृष्णाकाठच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होते आणि माझं दुर्दैव असं की मला ते सहकारी म्हणून लाभले. विद्यार्थ्यांची चौथीनंतर सुटका तरी होते.

संकष्टीचा दिवस. मधल्या सुट्टीत बाईंनी घरची साबुदाण्याची खिचडी वाटली. मी पहिला घास उचलला आणि गुरुजी म्हणाले, "ब्राझील."

"काय?"

"साबुदाणा. ज्या कंदापासून करतात ना, तो तिकडचा. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतलाच. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरची मेक्सिको." त्यांनी चमच्यानं खिचडी वरखाली करून नीट तपासली. "तूप तेवढं आपलं."

विषय बदलावा म्हणून मी डब्यातला पेरू काढला. तोही अमेरिकेचाच निघाला. एवढं सांगून स्वतः दोन वाट्या खिचडी चापून गुरुजी वर्गावर गेले. आपला उपवास घडला की मोडला, या विचारात मी चंद्रोदयापर्यंत होतो.

"मूळचं कुठलं?" हा त्यांचा एकच प्रश्न. झाड दिसलं की विचारायचा, आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत उत्तर आपणच द्यायचं. गुलमोहर? मादागास्कर. काजू? पोर्तुगीजांनी आणला. सीताफळ? नावावर जाऊ नका, अमेरिका. दसऱ्याला कुणी सोनं द्यायला आलं की पान उजेडात धरून बघायचे. "हा आपटा नाही, कांचन आहे. आपट्याचं पान एवढं मोठं नसतं. फसवलंय तुम्हाला." सोनं देणारा गळाभेट न घेताच परत जायचा.

पोरांनी त्यांचं नाव 'परदेशी गुरुजी' ठेवलं आणि ते इतकं रुळलं की नवीन पालक ऑफिसात येऊन "परदेशी आडनावाचे गुरुजी कोणते?" असं विचारायचे. आम्ही बोट दाखवायचो.

कळस झाला तो साखर कारखान्याचे एक संचालक ध्वजवंदनाला आले तेव्हा. "ऊस म्हणजे आपल्या काळ्या आईचं लेकरू!" असं ते म्हणाले आणि टाळ्यांसाठी थांबले. त्या शांततेत मागून आवाज आला, "न्यू गिनी!" साहेबांना वाटलं, कुणीतरी घोषणा दिली. त्यांनी हात उंचावून ती स्वीकारली. चहाच्या वेळी गुरुजींनी त्यांना गाठलंच. मूळ ऊस न्यू गिनीचा आणि तुमच्या शिवारातली 86032 ही जात कोइमतूरच्या संशोधन केंद्रातली. लेकरू दत्तक आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या वर्षी कारखान्याकडून शाळेला पंखे मिळायचे होते. ते मिळाले नाहीत.

असल्या माणसाला कुणी वठणीवर आणेल म्हणावं, तर त्याला काहीच नको असायचं. मुख्याध्यापकपद नको, शिकवणी नको, गाडी नको. सायकल होती, तीही शेताच्या बांधाबांधानं हाकायची. रजेच्या अर्जात कारणाच्या जागी एकदा लिहिलं होतं, "पांगारा फुलला आहे." मुख्याध्यापकांनी नियमांचं पुस्तक चाळलं, हरकत घेण्याजोगं काही सापडेना, शेवटी सही केली. आदर्श शिक्षकाच्या पुरस्कारासाठी आपलाच प्रस्ताव आपणच भरायचा असतो. आम्ही तो त्यांना जबरदस्तीनं भरायला बसवलं. 'शाळेत किती झाडे लावली?' या रकान्यात त्यांनी लिहिलं, "एकही नाही. बुलबुलांनी बरीच लावली." खरंच होतं ते. त्यांनी फक्त मैदानाच्या कडेला बोराटीचं कुंपण केलं होतं आणि आत कुणाला गवत कापू दिलं नव्हतं. पाखरांच्या विष्ठेतून उंबर आला, कडुनिंब आला. पुरस्कार आला नाही. 2019 साली राज्यात 33 कोटी झाडं लावायचं ठरलं तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते. म्हणाले, "आकडा देवांचा आहे, खड्डेही त्यांनाच खणू दे."

एकदा मात्र मला वाटलं, सापडले. शाळेसमोरची चिंच म्हणजे त्यांचा जीव. तिच्याखाली वर्ग भरायचा. मी कुठंतरी वाचून गेलो आणि मोठ्या थाटात म्हणालो, "गुरुजी, चिंच मूळची आफ्रिकेतली." ते खडू झटकत म्हणाले, "माहितेय. पण येऊन काही हजार वर्षं झाली. आता तिला रेशनकार्ड द्यायला हरकत नाही."

ऊसतोड सुरू झाली की बीडकडच्या टोळ्या यायच्या, गावाबाहेर कोप्या पडायच्या. त्या पोरांना पटावर घ्यायला कुणी राजी नसायचं. चार-पाच महिन्यांचे पाहुणे, जाताना हजेरीचं सगळं गणित बिघडवून जाणार. गुरुजी पहाटे सायकल काढून कोप्यांवर जायचे आणि पोरं घेऊन यायचे. पोरी कडेवर धाकटं भावंड घेऊन यायच्या, तेही वर्गात बसायचं. गुरुजींची एक वही असे. डाव्या पानावर पाखरं, उजव्या पानावर ही पोरं. भोरड्या आल्या, तारीख. कोप्या पडल्या, तारीख आणि खाली नावं. मध्य आशियातून उडत येणाऱ्या भोरड्यांचं आणि बैलगाडीतून आलेल्या पोरांचं येणं-जाणं थोडं मागंपुढं, पण एकाच हंगामातलं. उन्हाळा लागला की दोन्ही पानांवर 'गेले' लिहायचे. पटावरचं नाव मात्र खोडायचे नाहीत, त्यावरून बोलणीही खायचे.

"मूळचं कुठलं?" हे त्या पोरांना त्यांनी कधी विचारल्याचं मी ऐकलं नाही. "तुमच्याकडं गवतं कुठली?" असं विचारायचे. एक किडकिडीत पोरगी मैदानाच्या कडेला बसून एकेक काडी उपटून दाखवत होती. मारवेल, पवना, कुसळी. गुरुजी पुढ्यात उकिडवे बसून लिहून घेत होते. मध्येच त्यांनी एका गवताचं नाव सांगितलं, तर ती म्हणाली, "न्हाई गुर्जी, त्ये येगळं." आणि जन्मभर आमच्या चुका काढणाऱ्या त्या माणसानं मुकाट्यानं लिहिलेलं खोडलं. मला फार बरं वाटलं. आधी सूड म्हणून, मग वेगळ्याच कारणानं.

गुरुजी गेले तेव्हा शाळेत शोकसभा झाली. वक्त्यांनी त्यांना वृक्षमित्र, वनमहर्षी वगैरे केलं. फोटोला झेंडूचा जाड हार घातला, तेव्हा मागच्या रांगेत बसलेला त्यांचा एक विद्यार्थी, जो आता ट्रॅक्टर चालवतो, हळूच म्हणाला, "मेक्सिको." आमच्या रांगेत खसखस पिकली. मग स्मृतिवृक्ष लावायला सगळे मैदानात गेले. नर्सरीतून रिबीन बांधलेला रुबाबदार बॉटल पाम आणला होता. खड्ड्यासाठी जागा हवी म्हणून कडेचं गवत खरवडून काढलेलं. अध्यक्षांनी झारी उचलली.

"मॉरिशस!" मी ओरडलो.

अध्यक्षांनी झारी खाली ठेवली आणि लगबगीनं सूत्रसंचालकांना विचारलं, "पाहुणे आलेत का तिकडचे? मग त्यांच्या हस्ते घ्या ना!"