सव्वादोनची गळती

पंचेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करणाऱ्या माणसाने विषय तरी सोपा घ्यावा. मी घेतला संगणकाची रचना. म्हणजे अजून कुणी न बनवलेला प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये उभा करायचा आणि त्यावर बेंचमार्क पळवायचे. साधन जेम-फाइव्ह. मिशिगनचा एम-फाइव्ह आणि विस्कॉन्सिनचा जेम्स यांचं लग्न लागून झालेला हा सिम्युलेटर, २०११ साली त्याच्यावरचा निबंध छापून आला. गुणी आहे, पण चाल गोगलगायीची. खऱ्या प्रोसेसरचं एका सेकंदाचं काम तपशिलात करायला याला सात-आठ तास सहज लागतात.

बेंचमार्क घेतला एमसीएफ. सार्वजनिक बसगाड्यांचं वेळापत्रक बसवणारा हा प्रोग्रॅम ६४-बिट यंत्रावर सुमारे १७०० एमबी खातो. जेम-फाइव्हच्या नकली यंत्राला न सांगता मिळते फक्त ५१२ एमबी, त्यामुळे पहिल्याच दिवशी तो 'मेमरी वाढवा' म्हणून आडवा झाला. मी उदारपणे चार जीबी दिली. असे चार सिम्युलेटर, वेगवेगळ्या कॅशचे, रात्री अकराला एकदम सोडले आणि झोपलो. माझ्या खऱ्या यंत्रात रॅम सोळा जीबी. चार चोक सोळा. हिशोब चोख!

सकाळी चौघेही गारद. पडद्यावर १३७. म्हणजे १२८ अधिक ९, आणि नऊ नंबरचा सिग्नल म्हणजे थेट गळा. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल सगळ्यात लठ्ठ प्रोसेस हेरून मारतो. एक मेला की बाकीचे थांबवायचे, ही अट माझ्याच स्क्रिप्टमध्ये होती. लॉगमध्ये वेळ सव्वादोन.

दुसऱ्या रात्रीही सव्वादोन. तिसऱ्याही.

चार जीबी दिली म्हणून तो चार जीबी बळकावत नाही, हे मला तेव्हा कळलं. एमसीएफ ज्या पानांना हात लावील तेवढीच खरी रॅम खर्च होते. म्हणजे प्रत्येकी दोन जीबीच्या आसपास, चौघांची आठ. मग उरलेली आठ कुठे गेली? त्याहून गूढ म्हणजे चौघे मेल्यावरही रॅम मोकळी होईना. यादीत एकही प्रोसेस नाही आणि सहा जीबी अडकलेली. यंत्र बंद करून चालू केलं की सगळं लख्ख.

"मेमरी गळतेय," मी घरी जाहीर केलं.

"वयच आहे रे," आई म्हणाली. "रात्रभर बदाम भिजत घालत जा."

मी तीन पानी अहवाल लिहिला. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांतले लोक हे वापरतात आणि गळती सापडली ती सिंहगड रोडला, दुसऱ्या मजल्यावर, या जाणिवेने त्या आठवड्यात माझी चालसुद्धा बदलली होती. सरांना मेल पाठवला. सरांचं उत्तर एका ओळीचं : "आउटपुट कुठे लिहिताय?" प्रश्न अगदीच बाळबोध वाटला, म्हणून दुर्लक्ष केलं.

आणि सोसायटीच्या मेंटेनन्सचे पैसे वळवून आणखी सोळा जीबी रॅम आणली.

त्या रात्री चौघेही जगले. सकाळी मी विजयी मुद्रेने टर्मिनलवर टॅब दाबला, तर शेल म्हणतं, तात्पुरती फाइल करता येत नाही, जागा शिल्लक नाही. जागा नाही? डिस्कवर चारशे जीबी ओसाड पडलेली! डीएफ कमांड मारली. 'टीएमपी' फोल्डर : सोळा जीबी, शंभर टक्के भरलेलं. आणि त्याचा प्रकार, टीएमपीएफएस. म्हणजे हे फोल्डर डिस्कवर नव्हतंच, रॅममध्ये होतं. मर्यादा सांगितली नाही की ते एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढतं. मी रॅम दुप्पट केली, त्याने आपला वाटा दुप्पट केला.

त्यात काय होतं? माझा ट्रेस. दर सूचनेमागे एक ओळ, शंभरेक अक्षरांची, सूचना कोट्यवधी. पहिल्या दहा अब्ज सूचना भरभर पळवायच्या, त्याला तीनेक तास, आणि मग ट्रेस सुरू, असं मीच ठरवलं होतं. अकरा अधिक तीन, दोन. पुढे भांडं भरायला पंधरा मिनिटंही पुरे. प्रोसेस मारली म्हणून फाइल थोडीच जाते? कर्नल बिचारा भाडेकरू मारत होता, अडगळ माळ्यावर तशीच. आणि यंत्र बंद करून चालू केलं की रॅमबरोबर पुरावाही साफ.

सिम्युलेटर निर्दोष. मग टीएमपी रॅममध्ये हलवलं कोणी? एफएसटॅब फाइल उघडली. खालून तिसऱ्या ओळीवर, तीन वर्षांपूर्वीची तारीख आणि माझी आद्याक्षरं घालून टीप होती : 'एसएसडी झिजू नये म्हणून. विचार करून केलं आहे. कुणी काढू नये.'

ओळ पुसताना क्षणभर हात अडखळला. लिहिणारा जाणकार वाटत होता.