थांबण्याचा हिशेब

भोसरीतल्या एका शेडमध्ये जुन्या मिलिंग मशीनला नवा कंट्रोलर बसवला होता. टेबल वेगात सुटलं, टोकाला जाऊन थांबलं आणि ड्राइव्हमधून धूर निघाला. मालक म्हणाले, "लोड जास्त झाला असेल." लोड कुठला? कटर हवेत फिरत होता. ड्राइव्ह जळाला तो थांबताना.

रेट्रोफिट करणाऱ्यांनो, ड्राइव्ह घेताना अँपिअर विचारता, तशी व्होल्टची मर्यादाही विचारा. अँपिअर कमी पडले तर ड्राइव्ह ट्रिप होईल, अक्ष मागे राहील. व्होल्ट वर गेले तर कार्डच जाईल.

त्या पॅनलचं गणित मांडू. ट्रान्सफॉर्मर 50 व्होल्टचा. ब्रिज आणि कपॅसिटरनंतर त्याचे डीसी सुमारे 70 होतात. ड्राइव्हची कमाल मर्यादा 80. लाइन 10 टक्के चढली की 70 चे 77. हाताशी उरले तीन व्होल्ट!

आता ब्रेक लावा. थांबताना मोटर जनरेटर होते आणि वीज उलटी पाठवते. टेबल आणि जॉब मिळून 500 किलो, वेग मिनिटाला 15 मीटर, तर नुसत्या टेबलाच्या गतीत सुमारे 16 जूल ऊर्जा. रोटर आणि बॉलस्क्रूची भर वेगळी. काही घर्षणात जिरते, काही वाइंडिंगमध्ये. उरलेली कपॅसिटरमध्ये शिरते. 10,000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 70 वरून 80 व्होल्टला न्यायला साडेसात जूल पुरतात. लाइन चढलेली असेल तर अडीचही लागत नाहीत.

"मग एसएमपीएस लावा," असा सोपा सल्ला मिळतो. तोही अपुराच. साधा एसएमपीएस ही वीज लाइनमध्ये परत पाठवत नाही. व्होल्ट चढले की बहुतेकदा स्वतःच बंद पडतो. अशा वेळी उभ्या अक्षाला ब्रेक नसेल तर हेड खाली येतं. खाली जॉब असतो, कधी ऑपरेटरचा हातही असतो.

निवड मोटरपासून सुरू करा. बॉलस्क्रूचा पिच 10 मिलिमीटर असेल तर मिनिटाला 15 मीटरसाठी 1500 फेरे लागतात. मोटर दर 1000 फेऱ्यांना 30 व्होल्ट मागत असेल तर झाले 45. वाइंडिंगमधली घट धरून 50. म्हणजे 42 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पुरला असता. त्याचे डीसी 58 च्या आसपास, म्हणजे लाइन 10 टक्के पडली तरी मशीनचा वेग तोच. आणि 80 पर्यंत जायला कपॅसिटरमध्ये 15 जुलांची जागा. त्यावर ब्रेकिंग युनिट आणि रेझिस्टर बसवा, म्हणजे जास्तीची वीज उष्णता होऊन जाईल. ड्राइव्हच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

जुन्या मशीनचं बिडाचं बेड अजून पिढीभर काम देईल. त्याला मोडीत जाण्यापासून वाचवणारी ही माणसं मला मोलाची वाटतात, म्हणूनच हा आग्रह. पुढचं कोटेशन येईल तेव्हा त्यावर तीन आकडे लिहून मागा: चढलेल्या लाइनवर डीसी किती, ड्राइव्हची कमाल मर्यादा किती आणि थांबतानाची ऊर्जा जाणार कुठे. तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.