बेगमीचे शास्त्र

मराठी गृहस्थाश्रमाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने दिवाणखाना, देवघर आणि शोकेसमधील काचेची बदके यांत वेळ न दवडता थेट कोठीच्या खोलीकडे वळावे, आणि जिथे अशी खोली उरलेली नाही तिथे दिवाणाच्या पोटात, माळ्यावर व ओट्याखाली डोकावून पाहावे. कारण कुटुंबाची खरी मते, धास्ती आणि महत्त्वाकांक्षा तिथेच डबे भरभरून ठेवलेल्या असतात. वर्षभर पुरेल एवढे धान्य व जिन्नस हंगामात एकदाच घेऊन ठेवणे, याला बेगमी म्हणतात. तिचा हेतू उपासमार टाळणे हा आहे, असे वरकरणी सांगितले जाते. परंतु ज्या सोसायटीच्या फाटकासमोर दोन किराणा दुकाने आहेत आणि जिथे मोबाइलवर मागवलेली कोथिंबिरीची जुडी फोडणी करपण्याच्या आत दारात येते, तिथेही बेगमी टिकून आहे, यावरून तिचा पोटाशी असलेला संबंध दुय्यम मानावा लागतो.

परंपरा मात्र जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळातील, म्हणजे जेव्हा तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरात होती त्या काळातील, वस्तीत धान्य साठवण्याचे खड्डे तर सापडलेच, शिवाय गावप्रमुखाचे मानले गेलेले पाच खोल्यांचे घर आणि त्याला लागून असलेले कोठारही सापडले. ज्याच्याकडे कोठी त्याचा शब्द अखेरचा, हा नियम तेव्हापासून चालत आला असावा. फरक एवढाच की पुढे कोठीच्या किल्ल्या प्रमुखाच्या हातून त्याच्या मातोश्रींच्या कमरेला गेल्या. पन्हाळगडावरील अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन कोठारे असून, त्यांतील एकट्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. खंडी म्हणजे वीस मण, मण म्हणजे सोळा पायल्या आणि पायली म्हणजे चार शेर. बाकीचा गुणाकार वाचकांनी फावल्या वेळी करावा. पन्हाळ्याच्या साठ्याचे समर्थन इतिहास करतो, कारण १६६० साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला होता आणि तो महिनोन्महिने हटला नव्हता. कोथरूड किंवा डोंबिवली येथील दोन खोल्यांच्या सदनिकेला असा वेढा पडल्याची नोंद दीर्घकाळ नव्हती, तरीही तेथील मोहरी सिद्दीला सहज पुरून उरली असती. मार्च २०२० मध्ये मात्र टाळेबंदी आली आणि बेगमीपंथीयांना जन्मभर पुरेल एवढे समर्थन एकरकमी मिळाले. ते त्यांनी तेव्हापासून जपून ठेवले असून, घरात कोणी साठ्याबद्दल शंका काढली की ते बाहेर काढले जाते. त्याला अद्याप कीड लागलेली नाही.

खरेदीचा आरंभ यादीने होतो. वाणसामानाची यादी हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार असून, तिच्या माथ्यावर ‘श्री’ असतो, मंगलकार्य असल्यास पहिल्या ओळीत हळदकुंकू येते आणि मग तूरडाळीपासून काडेपेटीपर्यंत सृष्टीचा क्रम लागतो. यादी करताना एकाने लिहायचे व दुसऱ्याने डबे पाहून सांगायचे अशी श्रमविभागणी असते. परंतु दुसरी व्यक्ती डबा उघडत नाही, तो हलवून पाहते आणि आवाजावरून ‘असेल थोडं’ असा निर्वाळा देते. ‘असेल थोडं’ हे कोठीशास्त्रातील सर्वांत मोठे माप होय. त्यात दोन दाण्यांपासून दोन किलोंपर्यंत काहीही बसू शकते, आणि त्यामुळेच बहुतेक घरांत जिऱ्याची तीन पाकिटे एकाच वेळी नांदतात व संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ नसतात. पितळी व स्टीलच्या अपारदर्शक डब्यांची जागा पारदर्शक बरण्यांनी घेतल्यावर हा घोळ थांबेल अशी अपेक्षा होती; पण बरणीवर ‘साखर’ असे लिहिलेले आणि आत रवा दिसत असेल, तर अनुभवी गृहिणी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, लेबलावर तर नाहीच नाही, आणि दोन्ही जिन्नस यादीत घालून मोकळी होते.

गहू रब्बीचा, म्हणून तो उन्हाळ्याच्या तोंडावर भरायचा. तांदूळ मात्र जितका जुना तितका मानाचा, कारण नव्या तांदळाचा भात चिकट होतो. पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभागात, म्हणजे जिथे अन्नधान्याचा घाऊक व्यापार चालतो तिथे, सिहोर गव्हाचे चार दाणे तळहातावर घेऊन, फुंकर मारून, त्यांतील एक दाताखाली फोडणारा ग्राहक हास्यास्पद दिसत असला तरी शास्त्राला धरून वागत असतो. दाणा कट्‌कन फुटला तर तो नीट वाळलेला आणि दाताखाली दबला तर ओलसर. साठवणीच्या धान्यात ओलावा साधारणपणे बारा टक्क्यांच्या वर नसावा असा जो संकेत आहे, त्याची ही दंतपरीक्षा होय. एवढी परीक्षा उत्तम रीतीने पार पाडल्यावर ‘वहिनी, डोळे झाकून घेऊन जा, आम्ही घरी हाच खातो’ या एका वाक्यावर खरेदी ठरते, हा भाग वेगळा. आंबेमोहर जुना आहे का, या प्रश्नाला नकारार्थी उत्तर मिळाल्याचे उदाहरण उपलब्ध नाही.

किती घ्यावे, हे पूर्वी माणसांच्या संख्येवर ठरत असे. अलीकडे ते करावरही ठरू लागले. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोंपर्यंतच्या, वेष्टनात भरून लेबल लावलेल्या धान्य-पिठांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि त्यानंतर बाजारात २६ किलोंची पोती दिसू लागली. एका किलोच्या योगाने कर वाचतो, या आनंदात त्रिकोणी कुटुंबे २६ किलो तांदूळ घरी आणतात, तो उचलताना पाठ धरते आणि मलमावर मात्र कर भरावा लागतो.

इथपर्यंतचा व्यवहार माणसांचा आहे. साठवण म्हटली की दुसरा पक्ष येतो, तो टोका. पुढे सोंड असलेला हा काळपट किडा तांदूळ-गव्हात होतो आणि त्याला सोंडे असेही म्हणतात. त्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात अंडे घालते आणि वरून चिकट स्रावाने भोक लिंपून टाकते. अळी आतल्या आत दाणा खाऊन वाढते आणि अनुकूल हवेत सुमारे महिन्याभराने नवा टोका भिंत फोडून बाहेर पडतो. याचा अर्थ असा, की डब्याचे झाकण कितीही घट्ट लावले, त्यावर कुकर ठेवला आणि कुकरवर खलबत्ता ठेवला, तरी शत्रू पोत्यातूनच आत आलेला असतो. कडधान्यातला भुंगेरा तुलनेने भाबडा: तो अंडी दाण्याच्या वरच्या अंगाला चिकटवतो, आणि या एका बेसावधपणामुळे महाराष्ट्रातील सासवांनी त्याला शतकानुशतके हरवले आहे.

हरवण्याची रीत अशी. चैत्र-वैशाखात गच्चीवर जुनी सुती साडी पसरून तीवर तूरडाळ ओतली जाते, एरंडेल किंचित कोमट करून दोन्ही तळव्यांना फासले जाते आणि डाळीचा एकेक दाणा लकाकेपर्यंत मूठमूठ डाळ चोळली जाते. तेलाचा पातळ थर बसला की भुंगेऱ्याच्या अंड्यांना श्वास घेता येत नाही, आणि नवी अंडी घालायला तो पृष्ठभागही धड उरत नाही. मग ऊन, मग सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, मग चार बिब्बे, आणि झाकण. पुढे हीच डाळ गरम पाण्याने न धुता कुकरला लावणाऱ्या नव्या सुनेच्या हातचे वरण पहिल्याच घासाला ओळखू येते. तांदळाला मात्र कडक ऊन दाखवायचे नसते, कारण तो तडकतो आणि शिजताना त्याची कणी होते; हा भेद विसरून उत्साहाने सगळेच वाळत घालणारा जावई प्रत्येक घराण्यात एखादा असतो.

येथे एक गोष्ट गांभीर्याने नमूद करणे भाग आहे. धान्यात बोरिक पावडर चोळण्याची किंवा पाऱ्याच्या टिकड्या ठेवण्याची चाल अनेक घरांत असली, तरी दोन्ही पदार्थ पोटात जाण्याजोगे नव्हेत. आणि गोदामांत वापरली जाणारी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी तर घरात आणूच नये, कारण हवेतील ओलाव्याशी संयोग होताच तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो आणि तो टोका व गृहस्थ यांत भेद करीत नाही. त्यापेक्षा थोडे घ्यावे आणि संपवून पुन्हा घ्यावे, हा उपाय निर्धोक व फुकट आहे. तो कोणी करीत नाही याचे कारणही बहुधा तेच. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी रवा आणि डाळी चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवून अळी-अंड्यांचा नायनाट करण्याची युक्ती अंगीकारली आहे, पण त्यामुळे आइस्क्रीमला जागा उरत नाही अशी तेथील दुसऱ्या पिढीची तक्रार असते.

गोदामशास्त्राचा पहिला नियम, जे आधी आले ते आधी बाहेर जावे, हा आहे. घरगुती डब्यात तो उलटा चालतो: जुने धान्य तळाशी तसेच ठेवून नवे वरून ओतले जाते, त्यामुळे मोठ्या डब्याचा छेद घेतल्यास वर चालू वर्षाचा पोहा, त्याखाली मागील दिवाळीचा आणि तळाशी थोरल्या चिरंजीवांच्या मुंजीचा असे थर मिळतात. पाकिटावरील ‘या तारखेपूर्वी वापरावे’ ही सूचना पाकीट कापताना नेमकी कापली जाते. साबणाची गोष्ट निराळी. तो जुना झाला की वाळून कडक होतो आणि कमी झिजतो, म्हणून त्याची बेगमी शास्त्रशुद्ध ठरते, फक्त तो चहाशेजारी ठेवला तर पाहुण्यांना चंदनाचा चहा प्यावा लागतो.

सर्वांत अखेरीस धान्य गिरणीत जाते. चाळणीला बाहेरचे टोके दिसतात, दाण्याच्या आतले दिसत नाहीत, त्यामुळे अत्यंत सोवळ्या घरांतही गव्हाबरोबर आणखी कशाकशाचे पीठ होत असते. शाकाहाराची चर्चा करणाऱ्यांनी हा मुद्दा आजवर टाळलेला दिसतो. गिरणीवरची दक्षता मात्र भलत्याच ठिकाणी असते. एकादशीच्या आदल्या दिवशी राजगिऱ्याचा डबा पुढे करताना ‘काका, याच्या आधी बाजरी नव्हती ना?’ असे कटाक्षाने विचारले जाते. ‘नाही हो ताई, वरईच होती,’ असे काका सांगतात. वरईत काय होते, हे ताई विचारत नाहीत, आणि काकांनी ते आपण होऊन सांगितल्याचे ऐकिवात नाही.