रीबूटनंतरचे मार्क

अकोल्याचा आमचा भाचा नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकल परीक्षेत नापास झाला. ताईने फोनवर बातमी दिली ती अशी : "काहीच सोडलं नव्हतं रे त्यानं. सारं बरोबर केलं. तपासणाऱ्याले दिसलंच नाही."

"एक्स्टर्नल कोण होते?" मी विचारलं.

"तेच तं सांगून रायली ना बाप्पा. एक्स्टर्नलच नव्हता."

तेव्हा कुठे मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून येणारा परीक्षक. त्याच्याशिवाय प्रॅक्टिकल म्हणजे व्याह्याशिवाय लग्न. मानपान घ्यायलाच कोणी नाही, तर लग्न लागलं कशाचं?

माझं स्वतःचं प्रॅक्टिकल अमरावतीच्या एका कॉलेजात झालं. नाव सांगत नाही, शिक्षक अजून ओळख देतात. एक्स्टर्नल सरांना बडनेऱ्याला गाडीवरून उतरवून घ्यायला दोन पोरं गेली होती. आल्या आल्या गिला वडा, मग चहा, मग पंख्याखालची खुर्ची आणि समोर जर्नलांचा ढीग. साऱ्या बॅचच्या जर्नलात पिंगचा एकच आउटपुट चिकटवलेला. आयपी तोच, वेळ तीच आणि कोपऱ्यात ज्या सिनियरच्या मशीनचं नाव छापलं होतं, तो पास होऊन पुण्याला नोकरीला लागलेला. सरांनी लाल पेनने प्रत्येक पानावर सही केली. एकाच पिंगाच्या चाळीस सह्या झाल्या.

मग केबल. पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हा क्रम पाढ्यासारखा पाठ होता. माझ्या पार्टनरने तारा प्लगात सारल्या, क्रिम्पर दाबला, दोन्ही टोकं टेस्टरला लावली. पहिला दिवा लागला, दुसरा लागला, तिसऱ्याच्या जागी अंधार आणि मग एकदम चौथा. पुन्हा लावून पाहिलं. एक, दोन, अंधार, चार. साध्या शंभर एमबीपीएसच्या जोडणीला एक, दोन, तीन आणि सहा या चारच तारा लागतात. त्यातली नेमकी तिसरी गेलेली. म्हणजे केबल आता कपडे वाळत घालायच्या कामाची.

सरांनी जर्नलातून मान वर केली. "आठातले सात लागले ना? साडेसत्याऐंशी टक्के होतात." पंचवीसपैकी बावीस दिले. त्या खोलीत खोटं बोलता येत नव्हतं ते एकट्या टेस्टरला, आणि त्याला सहीचा अधिकार नव्हता.

आता कंपन्यांच्या परीक्षांची तऱ्हा बघा. राऊटर बनवणाऱ्या सिस्कोची सीसीआयई ही परीक्षा १९९३ पासून आहे. आठ तासांची लॅब, आपल्याला जवळची म्हणजे बंगळुरूची. वर्षानुवर्षं तिचा नियम असा, की एका प्रश्नात चार गोष्टी सांगितल्या आणि तीन जमल्या, तर मार्क शून्य. साडेसत्याऐंशी टक्के तिथे कोणी ओळखत नाही. यंत्र आधी माहिती गोळा करतं, अंतिम निकाल मात्र माणूस देतो. फरक एवढाच, की तो माणूस परीक्षार्थ्याला प्रश्न विचारत नाही, त्याच्या राऊटरला विचारतो. आणि राऊटरला कोणाचे वडील कोणत्या खात्यात आहेत हे ठाऊक नसतं.

एका बाबतीत मात्र ते आमच्याच वळणाचे निघाले. सीसीआयईचे क्रमांक १०२४ पासून सुरू झाले, दोनाचा दहावा घात, संगणकवाल्यांचा लाडका आकडा. हा पहिला क्रमांक कोणा इंजिनियरला नाही, लॅबच्या खोलीला दिला. माणसं १०२५ पासून. आमच्याकडेही तपासणी म्हटली की आधी भिंतीला चुना लागतो. खोली पहिली पास होते, पोरं मागाहून.

भाच्याचं घोडं जिथे अडलं तो नियम वेगळाच. लिनक्सवाल्या रेड हॅटच्या आरएचसीएसएसारख्या परीक्षांत केलेलं काम मशीन रीबूट झाल्यावरही टिकलं पाहिजे अशी अट असते. टिकेल त्याचेच मार्क. भाचा तसल्याच एका परीक्षेला बसला होता. "मामा, आयपी टाकला होता मी. पिंग बी लागला होता. पण सेव्ह करायचं रायलं. मशीन उठली तं पाटी कोरी."

एवढी क्रूर अट आमच्या वऱ्हाडाला झेपणार नाही. वऱ्हाडात रीबूटला पावसाळा म्हणतात. आमची बिलं मार्चएंडला निघतात आणि मृग लागतो जूनमध्ये. बंधारा, नाला, शाळेचं छप्पर, सगळ्यांची तपासणी कोरड्या उन्हात होते, फोटोसकट. आधी मार्क, मग रीबूट.

अमरावती-अकोल्याच्या हायवेचंच घ्या. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग टाकला आणि गिनीजमध्ये नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, पंचवीस किलोमीटरच्या थोडा वर. दोह्याला मूर्तिजापूर तालुक्याने हरवलं याचा मला खराच अभिमान आहे, त्या रस्त्याने मी जातो-येतो. पण गिनीजचा पेपर लांबीचा आणि घड्याळाचा होता. पाऊस सिलॅबसबाहेर.

गेल्या आठवड्यात अकोल्याला गेलो. भाच्याने पुढच्या खोलीत दोन जुने डेस्कटॉप मांडलेत, दुसऱ्या प्रयत्नाची तयारी. म्हटलं, इन्व्हर्टर तरी जोड. "मुद्दाम नाही जोडला, मामा." चारच्या सुमारास लाइन गेली. कूलर थांबला, गल्लीतून शिव्या सुरू झाल्या. खूष तेवढा हा एकटा. पाऊण तासाने लाइन आली. ताई कूलरकडे धावली, हा स्क्रीनकडे.

"एक उठली, मामा. दुसरीचं काहीतरी रायलं." त्याने वहीतली एक ओळ खोडली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली.

कूलरचा पंखा फिरू लागला होता, पंप मात्र पाणी चढवत नव्हता. मी तसं म्हटलं.

"हवा तं येऊन रायली ना?" ताई म्हणाली. "मंग झालं."