सॅम्पल होल्डवर

मोरिवलीच्या एमआयडीसीत कुठल्याही केमिकल कंपनीत दोन जमाती नांदतात. एक माल बनवणारी आणि दुसरी तो अडवणारी. दुसरीला क्वालिटी कंट्रोल म्हणतात. आम्ही पहिल्या जमातीतले, तेव्हा पुढच्या मजकुरात थोडी अशुद्धी सापडली तर ती मर्यादेत आहे असं समजून बॅच पास करावी.

तर आमचे क्यूसीचे साहेब कॅमेरा घेणार आहेत. ‘घेणार आहेत’ हा आता त्यांचा हुद्दाच झाला आहे. गेटबाहेरच्या टपरीवर त्यांना ‘मोरियामा’ म्हणतात. दाइदो मोरियामा हा जपानी गृहस्थ गल्लीबोळांत हिंडून काळेपांढरे, दाणेदार फोटो काढतो, तेही खिशात मावणाऱ्या रिको जीआरवर. ही माहिती साहेबांनी एकदा चहावर साय धरेपर्यंत सांगितली. दुसऱ्या दिवशी टपरीवाल्याने हाक मारली, “मोरियामासाहेब, कटिंग की फुल?” साहेबांना राग आला नाही. उलट त्यांनी त्या दिवशी सगळ्यांचे पैसे दिले.

त्यांना हवा आहे तो लेन्स बदलता न येणारा, झूमही नसलेला छोटा कॅमेरा. प्रवासात न्यायला आणि रस्त्यावर कुणाच्या लक्षात न येता फोटो काढायला. “झूम कशाला? देवाने पाय दिलेत,” असं ते म्हणतात आणि कँटीनला जायला सिक्युरिटीची सायकल मागतात.

उमेदवार मोजकेच. २०१९चा रिको जीआर थ्री, २८ मिलिमीटरचा, वजन २५७ ग्रॅम. त्याचाच २०२१चा भाऊ थ्री-एक्स, ४० मिलिमीटरचा. आणि २०२४चा फुजीफिल्म एक्स-१००-सिक्स, ३५ मिलिमीटरचा, वजन ५२१ ग्रॅम. लायका क्यू-थ्रीचं नाव ते घरात काढत नाहीत, कारण तेवढ्यात बदलापूरला वन बीएचकेचं डाऊन पेमेंट होतं, हे त्यांच्या बायकोला ठाऊक आहे.

आता क्यूसीत माल आला की आधी पिवळं लेबल लागतं, ‘अंडर टेस्ट’. मग हिरवं किंवा लाल. साहेबांचे सगळे कॅमेरे पिवळ्यावर आहेत. रिको खिशात मावतो, पण चालू-बंद करताना त्याची लेन्स आत-बाहेर करते, तिच्याबरोबर धूळ आत जाते आणि सेन्सरवर बसते. आणि मोरिवलीच्या हवेत काय काय तरंगतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत? शिवाय डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही, आणि एका चार्जिंगमध्ये जेमतेम दोनशे फोटो. लॅबमधल्या ट्रेनी पोराने विचारलं, “सर, तुम्ही आजवर दोनशे फोटो काढलेत का?” साहेब शांतपणे म्हणाले, “प्रश्न क्षमतेचा आहे.” फुजीला व्ह्यूफाइंडर आहे, लेन्स जागची हलत नाही, पण धूळपाण्यापासून पूर्ण बचाव हवा तर पुढे रिंग आणि फिल्टर वेगळा लावावा लागतो. म्हणजे माल चांगला, पॅकिंग अपुरं. होल्ड.

मोबाईलवर फोटो काढायला ते तयार नाहीत. तिथली लेन्स साधारण २४-२६ची असते. एकदा डोळ्याला ती सवय लागली की पुढचा निर्णय दूषित होतो म्हणे.

मग २८, ३५ की ४० हे ठरवायचं कसं? इथे मात्र माणसाचं कौतुक वाटतं. त्यांनी जुन्या फाइलच्या पुठ्ठ्यात ३६ बाय २४ मिलिमीटरची खिडकी कापली. फुल फ्रेमचं हेच माप. ही खिडकी डोळ्यापासून २८ मिलिमीटरवर धरली की २८च्या लेन्सला जेवढं दिसतं तेवढं दिसतं, ४०वर धरली की ४०एवढं. अंतरासाठी पुठ्ठ्याला दोरा बांधला आणि त्यावर तीन गाठी मारल्या. खर्च शून्य, अचूकता चोख. एका संध्याकाळी ते शेजारच्या कंपनीच्या चिमणीकडे पुठ्ठा रोखून उभे राहिले, तर तिथला वॉचमन आत धावला आणि दोन मिनिटांत मॅनेजर शर्ट खोचत बाहेर आला. त्याला वाटलं, प्रदूषण मंडळाचा माणूस आला. साहेबांना खुर्ची, चहा आणि क्रीमची बिस्किटं मिळाली. गैरसमज दूर करण्याची त्यांनी घाई केली नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिरातही हाच प्रयोग झाला. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं देऊळ. गाभारा मंडपापेक्षा खोल, पायऱ्या उतरून जायचा, आणि वरून आभाळाला उघडा. “४०ला भिंतीवरची एकच मूर्ती येते, २८ला सगळी भिंत, पण मूर्ती हरवते,” असं पुटपुटत साहेब मागेमागे सरकत वालधुनीच्या काठापर्यंत गेले. तोवर बायकोने मोबाईलवर फोटो काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि नागपूरच्या नणंदेचा बदामही आला. “अहो, चला. देव हजार वर्षं थांबलाय, रिक्षावाला थांबणार नाही.”

उल्हासनगरला कुठलीही वस्तू मिळते या श्रद्धेने ते एकदा तिथेही जाऊन आले. दुकानदार म्हणाला, “रिको? वो तो झेरॉक्स मशीन बनाती है, साईं. कितने पेज निकालने हैं?”

खरी पंचाईत घरातच आहे. कपाटात वडिलांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री आहे, बडोद्यात बनलेला. तोही अचल लेन्सचाच! १२० नंबरचा रोल, बारा चौकोनी फोटो, उन्हाला एक खूण, ढगांना एक. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांनी त्यावर सगळ्या भावंडांची बारशी, माथेरानची सहल, चुलत्याचं लग्न असं सगळं काढलं. साहेबांनी एकदा त्यांना विचारलं होतं, तुम्ही नेमका हाच का निवडलात? वडील म्हणाले, “दुकानात तोच होता.”

एक मात्र आम्हा प्रॉडक्शनवाल्यांनाही मान्य करावं लागतं. पुठ्ठ्यातून बघून बघून साहेबांची नजर तयार झाली आहे. जानेवारीत साडेपाचच्या सुमारास ऊन दोन शेडच्या फटीतून कूलिंग टॉवरच्या वाफेवर येतं आणि ड्रम ढकलणारा माणूस त्यात नुसता काळा आकार उरतो, हे त्यांनीच आम्हाला दाखवलं. ट्रेनी पोराने तिथून मोबाईलवर फोटो काढला आणि सेफ्टी वीकच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं. बक्षिसाचा डबा साहेबांना दाखवायला आणला तर साहेबांनी आधी त्याचं झाकण घट्ट बसतं का ते पाहिलं.

यंदा बोनस झाला आणि साहेब थेट फोर्टला, बोरा बाजारात पोचले. फुजीवर हिरवं लेबल लागलं होतं. ३५ पक्की, रिंग आणि फिल्टरसकट, पैसे खात्यात. काउंटरवरच्या पोराने बिलबुक उघडलं आणि विचारलं, “काळा देऊ की सिल्व्हर?”

साहेब संध्याकाळच्या अंबरनाथ लोकलने परत आले. सध्या त्यांनी एका पुठ्ठ्याला काळा कागद चिकटवला आहे आणि एकाला चंदेरी. आठवड्याला एक, असे आलटून पालटून गळ्यात घालतात. कुठल्या रंगाकडे लोक जास्त बघतात याची वहीत नोंद चालू आहे.