बिनब्रेकचा बहाद्दर

त्याच्या सायकलला काय काय नाही, हे मोजायला घेतलं तर सकाळ जाते. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटी नाही. स्टँड नसल्यामुळे ती कायम कशाला तरी टेकलेली असते, आणि ज्याला टेकलेली असते ती बहुधा कुणाची तरी नवी गाडी असते. गिअर नाहीत. फ्रीव्हील नाही. आणि ब्रेकसुद्धा नाही. एवढं सगळं काढून टाकल्यावर जे उरतं ते स्वस्त असावं, असा आपला भाबडा समज. किंमत विचारली की तो आकडा सांगत नाही. "फ्रेम क्रोमोली आहे," एवढंच म्हणतो, आणि आपण पुढे विचारायचं धाडस करत नाही.

आमच्या बी विंगमधला हा फिक्सीवाला. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी हिंजवडीत. उजव्या पायाची पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. चेन उजव्या बाजूला असते, तिच्यात कापड अडकू नये म्हणून ही दुमड. कारण रास्त आहे. पण हा लिफ्टमध्ये, भाजी घेताना, चुलतभावाच्या साखरपुड्यातसुद्धा तेवढीच एक बाजू दुमडून उभा असतो. पाठीवर तिरपी, मोठ्या बकलाची पिशवी. न्यूयॉर्कचे सायकलवरचे कुरिअरवाले अशा पिशवीतून पाकिटं पोचवायचे. याच्या पिशवीत पोळीभाजीचा डबा आणि पंधराचा पाना.

फिक्सी म्हणजे काय, हे त्याला कुणी विचारलं की तो सांगतो. कुणी नाही विचारलं तरी सांगतो. साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक पळत राहतं, आणि तो ओळखीचा टकटक आवाज येतो. फिक्सीत मागची दातेरी चकती थेट हबवर आवळलेली. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, पेडल फिरतंय तोवर पाय फिरणार. उतारावर पाय सोडून वारा खाणं नाही. उलटं पेडल मारलं तर सायकल चक्क मागे जाते. "म्हणजे तू आणि सायकल एकच!" असं तो लिफ्टचं दार पायाने अडवून सांगतो, आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू दुधाची पिशवी हातात धरून मान डोलावतात.

इतिहासही त्याला पाठ आहे. व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या त्या कलत्या गोल ट्रॅकवर, ब्रेक नसतात ते उगीच नाही. एकाने मध्येच ब्रेक दाबला तर मागचे सगळे त्याच्यावर येतील. कुणालाच दाबता येत नाही म्हणून सगळे सुखरूप. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा इथे केइरिन ही ट्रॅकवरची सायकल शर्यत सुरू झाली, तिच्यावर आजही पैसे लागतात. पुढे ह्या ट्रॅकच्या सायकली न्यूयॉर्कच्या कुरिअरवाल्यांनी रस्त्यावर आणल्या. २०१२ साली 'प्रीमियम रश' नावाचा सिनेमा आला, त्याचा नायक असाच बिनब्रेकचा कुरिअरवाला. हा सिनेमा त्याने आम्हा सगळ्यांना बघायला लावला. शूटिंगमध्ये तो नट टॅक्सीच्या मागच्या काचेवर आदळला आणि हाताला ३१ टाके पडले, हे मात्र आम्हाला आमचं आम्ही शोधावं लागलं.

आता मुद्दा असा, की व्हेलोड्रोमवर आडवा म्हशींचा कळप येत नाही आणि उलट्या दिशेने पाण्याचा टँकर येत नाही. रस्त्यावर थांबावं लागतं. ब्रेक नसताना थांबायचं कसं, तर स्किड मारून. पेडल अडवायचं, म्हणजे मागचं चाक अडतं आणि डांबरावर घासत घासत सायकल थांबते. ही विद्या शिकण्यासाठी ह्या माणसाने जे कष्ट घेतले, ते बारावीला घेतले असते तर आज तो हिंजवडीला गेला नसता.

सुरुवात ग्रंथवाचनाने झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये शेल्डन ब्राऊन नावाचा एक सायकल मेकॅनिक होता. हेल्मेटवर गरुडाची प्रतिकृती लावून हिंडणारा हा अवलिया २००८ साली वारला. जाण्याआधी सायकलीबद्दल जगात जेवढं काही सांगण्यासारखं होतं ते लिहून ठेवून गेला. आमच्या फिक्सीवाल्याला तो गुरुस्थानी. दासनवमीला करावं तसं त्याचं पारायण चालतं. स्किडचा मंत्र असा: पाय पेडलवरच्या पट्ट्यांमध्ये अडकवायचे. क्रँक जमिनीला समांतर आले की सीटवरून उठून अंग पुढे, जवळजवळ हँडलवर न्यायचं, म्हणजे मागच्या चाकावरचा भार हलका होतो. पुढचा पाय पट्ट्यासकट वर ओढायचा, मागचा खाली दाबायचा, आणि दोन्ही पाय तसेच ताठ धरायचे. चाक सुटतं, म्हणजे घसरू लागतं. हँडल सरळ. मग हळूहळू अंग मागे घ्यायचं, घर्षण वाढतं, वेग उतरतो.

हे सगळं त्याने मला दिवाणखान्यात, खुर्चीवर पालथं बसून करून दाखवलं. खुर्ची घसरली. फरशी गुळगुळीत असल्याचा त्याला आनंद झाला.

पट्ट्यांपासूनच खरी गंमत सुरू झाली. चालती सायकल थांबवणं पुढची गोष्ट. आधी थांबलेल्या सायकलवरून उतरता आलं पाहिजे. पाय अडकलेले आणि वेग संपलेला, अशा अवस्थेत माणूस एक क्षण अतिशय भारदस्त दिसतो, आणि मग तसाच्या तसा, एकही अवयव न हलवता, बाजूला आडवा होतो. हा समारंभ रोज सकाळी गेटपाशी होऊ लागला. वॉचमन आधी धावत यायचा. नंतर सवयीने, हातातला चहा न सांडता, एका हाताने उचलू लागला.

पुढचा ब्रेक लागला तो आईमुळे. माउलीने स्पष्ट सांगितलं, "ब्रेक बसव, नाहीतर ती सायकल घरात आणायची नाही." आणि ह्या सायकली घरातच ठेवाव्या लागतात, पार्किंगमध्ये ठेवल्या तर चोराला आवडतील, ही भीती. त्याने कुरकुरत ब्रेक बसवला. "शिकेपर्यंत," असं सगळ्यांना बजावून. गुरूनेही रस्त्यावर पुढचा ब्रेक हवाच म्हणून लिहिलं होतं, पण गुरूचं काय ऐकायचं हे शिष्यच ठरवतो. जर्मनीत दोन स्वतंत्र ब्रेक कायद्यानेच लागतात आणि २००९ साली बर्लिनच्या पोलिसांनी अशा बिनब्रेकच्या सायकली जप्त केल्या होत्या, हे मी त्याला सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती उमटण्याऐवजी अभिमान उमटला. आपली सायकल जप्त होण्याच्या लायकीची आहे, हे त्याला बर्लिनहून प्रशस्तिपत्रक आल्यासारखं वाटलं.

सराव पार्किंगमध्ये. ओल्या जमिनीवर चाक लवकर सुटतं म्हणून टँकर येऊन गेल्यावर जिथे पाणी सांडतं तो कोपरा त्याने निवडला. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याला पॅड, बुटाच्या नाड्या आत खोचलेल्या. चेन बोटाने दाबून बघायची: अर्ध्या इंचाएवढाच खेळ हवा. सैल चेन ऐन स्किडमध्ये उतरली, तर ब्रेक नसलेल्या सायकलवर हातात फक्त रामनाम उरतं. हे त्याचं तयारीचं अंग मात्र वाखाणण्यासारखं. मूर्खपणाच करायचा तर तो यथासांग, ही आपली जुनी परंपरा आहे.

पहिले काही दिवस त्याने पेडल अडवायचं आणि पेडलने त्याला उचलून पुढे टाकायचं, असं चाललं. चाकाचा जोर पायापेक्षा मोठा ठरे. मग एका सकाळी 'चर्रर्र' असा आवाज आला आणि पाठोपाठ आरोळी. मी गॅलरीत गेलो. हातभर लांबीचा काळा पट्टा जमिनीवर, आणि त्याच्या टोकाला तो, उभा, दोन्ही हात वर. उभा होता हे विशेष. त्या पट्ट्याचा त्याने फोटो काढला. आईला खाली बोलावून दाखवला. आई म्हणाली, "हे पुसायचं कुणी?"

त्यानंतर पार्किंग पट्ट्यांनी भरलं. सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: 'पार्किंगच्या जागेत टायर घासू नयेत. घासल्यास स्वखर्चाने पुसावेत.' कुणाचं नाव नव्हतं. सोसायटीत टायर घासणारा एकच असल्यामुळे त्याची गरज नव्हती.

मग तो अद्भुत अपघात झाला, ज्यात कुणालाच काही झालं नाही. नवंकोरं मागचं टायर काही आठवड्यांतच फुटलं. बाकी टायरवर नक्षी शाबूत, एकाच ठिकाणी रबर झिजून आतलं कापड आणि मग ट्यूब बाहेर. नाना पेठेतल्या मेकॅनिक काकांनी टायर फिरवून बघितलं आणि विचारलं, "दादा, हे एकाच जागी कानशीनं घासलंय का?"

फिक्सीवाला घरी येऊन गुरूच्या लिखाणात बुडाला, आणि तिथे त्याला भेटला मसावि. होय, सातवीत ज्याने त्याला रडवलं होतं तोच महत्तम सामाईक विभाजक. पुढच्या चकतीला ४८ दाते, मागच्या चकतीला १६. ४८ ला १६ ने बरोबर तीनदा भाग जातो. म्हणजे पेडलची एक फेरी झाली की चाकाच्या नेमक्या तीन फेऱ्या. हा नेहमी उजवा पाय पुढे ठेवून स्किड मारणार, म्हणजे दर वेळी टायरची तीच जागा जमिनीला लागणार. मागचे १६ काढून १७ दाते घातले, तर ४८ आणि १७ चा मसावि १, आणि झीज टायरच्या १७ जागांवर वाटली जाते. हा हिशोब कळला त्या रात्री त्याचा चेहरा मी पाहिला आहे. गणिताच्या बाईंना भेटायला जाण्याचं त्याच्या मनात होतं. त्याऐवजी तो काकांकडे गेला आणि दुकानाच्या पायरीवर बसून त्यांना मसावि शिकवला. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सतराची चकती सहाशेला आहे. ब्रेकची रबरं पन्नासला जोडी."

ह्या पन्नास रुपयांवर माझा जीव अडकतो. कारण तो अडाणी नाही. थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं होतं, आणि हलकं चाक घासून कितीसं थांबणार, हे मला त्यानेच कागदावर काढून दाखवलंय. चांगल्या पुढच्या ब्रेकच्या मानाने स्किडला साधारण दुप्पट अंतर लागतं, हेही त्याचंच वाक्य. सगळं ठाऊक असून माणूस दुप्पट अंतरात थांबण्याची कला पैसे आणि गुडघे खर्चून शिकतो. थांबणं हा त्याचा हेतूच नव्हता. थांबताना दिसणं हा होता.

ए विंगमधल्या आजोबांना हे बरोबर कळलं. खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत त्यांची उभी नोकरी झाली, सायकलवर जाऊन-येऊन. त्यांनी एकदा काठीने टायर टोचत विचारलं, "ब्रेक नाहीत?"

"नाहीत आजोबा. म्हणजे, पुढचा आहे. तात्पुरता."

"आमचेही नव्हते. महिनाअखेरीला रबरं संपलेली असायची, ती पगार झाल्यावर. तोवर पुढच्या टायरवर चप्पल टेकवायची. जरा जास्त टेकली की चप्पल आत आणि आपण बाहेर."

"पण तुमचं फ्रीव्हील होतं ना!" तो म्हणाला. अनुभवाला तांत्रिक उत्तर द्यायची त्याची सवय आहे. आजोबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पँट खाली कर. एका पायाला थंडी वाजेल."

अखेर तो रस्त्यावर उतरला. सकाळी सहाला, पौड रोडवर, सामसूम असताना. खरं सांगायचं तर दिसतं ते देखणंच. अंग पुढे झुकतं, मागचं चाक हलकेच डावीकडे वळतं, रबराचा वास येतो, आणि सायकल सिग्नलच्या रेषेवर येऊन उभी. सिग्नल हिरवा असतो, ही गोष्ट वेगळी. दुधाच्या टेम्पोवाला थांबून बघतो. मग मागचे हॉर्न वाजवतात.

चांदणी चौकाच्या उतारावर मात्र फिक्सी आपलं खरं रूप दाखवते. तिथे पाय पेडलला फिरवत नाहीत, पेडल पायांना फिरवतं, आणि तो वेग एकदा हाताबाहेर गेला की स्किडसाठी पाय अडवणं हे चालत्या पिठाच्या गिरणीत हात घालण्याइतकंच शहाणपणाचं. छोट्या-छोट्या स्किड मारत, वेग आधीपासूनच मुठीत ठेवत उतरायचं, असा नियम आहे. एका रविवारी मी माझ्या गिअरच्या सायकलवर त्याच्या मागेच होतो. चर्रर्र एकदाच ऐकू आलं, अगदी वरती. पुढे खालपर्यंत एक बारीक, सलग 'ची' असा आवाज येत राहिला. खाली पोचल्यावर तो म्हणाला, "फ्लो बघितलास?" मी म्हटलं, बघितला.

हल्ली त्याच्याकडे दोन कॉलेजची मुलं शिकायला येतात. पार्किंगमध्ये उभं राहून तो त्यांना मसावि सांगतो, बर्लिन सांगतो, आणि "ब्रेक म्हणजे मनाची भीती," असंही सांगतो. मुलं वहीत उतरवून घेत नाहीत इतकंच.

परवा आम्ही दोघं नाना पेठेत गेलो. त्याला नवं टायर घ्यायचं होतं; स्किडवाल्याने टायर वारंवार बदलावं, अशी पद्धत आहे. काकांनी सायकल उलटी केली, मागचं चाक सावकाश फिरवलं, सतराच्या सतरा जागा बोटाने चाचपल्या. मग पुढच्या ब्रेककडे वळले.

"दादा, टायर अजून वर्षभर हलत नाही. रबरं मात्र पार पत्र्याला लागलीत. देऊ का जोडी?"

फिक्सीवाल्याने इकडेतिकडे बघितलं. दोन्ही मुलं सोबत नव्हती.

"दोन जोड्या द्या," तो म्हणाला. "पुण्याच्या हवेत रबर टिकत नाही."